प्रदर्शन पाहायला निघण्याआधी: गावच्या ओट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत मी ३२ वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर गावातल्याच पाच-सहा जणांना घेऊन नागपूरला एक चित्रप्रदर्शन पाहून आलो आणि तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी आमची फेरी निघते. कास्तकार असतात, बचत गटातल्या बाया असतात, शाळेतली पोरं असतात. शिदोरी बांधायची, सकाळची एसटी धरायची, दिवेलागणीला परत यायचं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर जे प्रश्न येतात ते इथं उतरवले आहेत, लोक जसे बोलले त्याच बोलीत.

गुरुजी, आमाले चित्रातलं काही समजत नाही. मंग जाऊन करायचं काय?

हा प्रश्न पहिल्यांदा ज्यांनी विचारला, त्यांना मी उलट विचारलं होतं, बैलबाजारात जोडी कशी पारखता? त्यांनी शिंगांची ठेवण, वशिंड, पाठीची रेघ, चालताना खूर कसा पडतो, कातडीवर ऊन कसं चमकतं, सगळं सांगितलं. दोन बैल एका उंचीचे, एका रंगाचे, शिंगांची वळणं जुळणारी शोधायला ते तीन बाजार फिरतात. चित्रकला महाविद्यालयात मुलांना वर्षभर हेच शिकवावं लागतं: रेषा, प्रमाण, तोल, जोडीला जोड.

पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे काय होतं ते आठवा. आदल्या सांजेला हळद-लोणी लावून खांद शेकतात. सकाळी बैल धुतला की शिंगांना रंग आणि बेगड, कपाळाला मठाटी, अंगावर गेरूचे ठिपके, पाठीवर झूल. पांढऱ्या बैलावर गेरू खुलतो, लाखी बैलावर तोच गेरू हरवून जातो, हे आपल्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या की सगळं गाव कुणाची जोडी कशी सजली ते पाहत फिरतं. ते प्रदर्शनच आहे. फक्त त्याला भिंत नाही.

पहिल्या फेरीतला एक प्रसंग सांगतो. नागपूरच्या त्या प्रदर्शनात कपाशीच्या वावराचं एक मोठं चित्र होतं. आमच्यातली एक बाई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "एवढं बोंड फुटल्यावर पान असं हिरवंगार राहते का जी? लाल पडते, खालचं तर गळूनच जाते." चित्रकार जवळच उभा होता. तो पुढं आला, त्याने तिला देठाचा रंग विचारला, वेचणीनंतर रिकामं बोंड कसं दिसतं ते विचारलं, आणि वहीत लिहून घेतलं. "समजत नाही" म्हणून ती बाई यायलाच तयार नव्हती.

एवढी चित्रं असतात. सगळी कशी पाहायची?

सगळी पाहूच नका. आमचा नेम असा आहे: आधी न थांबता पूर्ण दालनातून एक चक्कर मारायची, जत्रेत आधी सगळी दुकानं पाहून घेतो तशी. मग ज्यांच्याकडे पाय आपोआप वळतात अशी तीन चित्रं निवडायची आणि प्रत्येकासमोर निदान पाच मिनिटं उभं राहायचं. पाच मिनिटं फार वाटतात. पहिल्या मिनिटात आपण चित्रात काय आहे ते ओळखतो, झाड, बाई, घर. दुसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो. तो कंटाळा सोसला की मग सावली कुठून पडली, पिवळ्याच्या खाली लाल दडला आहे, कोपऱ्यातली जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे, असं एकेक दिसायला लागतं. एकदा लांबून पाहा, एकदा हातभर अंतरावरून. जवळ गेल्यावर झाडाचं झाड राहत नाही, नुसते कुंचल्याचे फटके उरतात. चार पावलं मागं आलं की पुन्हा झाड उभं राहतं. हे मागंपुढं होणं मला आजही नवलाचं वाटतं.

चित्रकार सय्यद हैदर रझांची गोष्ट मी दर फेरीला सांगतो. १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या जंगलातल्या गावात जन्म, वडील वनखात्यात. शाळेत या पोराचं चित्त ठिकाणावर राहीना. तेव्हा गुरुजींनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि फक्त त्याच्याकडे पाहत बस म्हणून सांगितलं. पुढं रझा चित्रकला शिकायला १९३९ मध्ये आपल्या नागपूरच्याच कलाशाळेत आले, मग मुंबई, मग पॅरिस. आणि कितीतरी वर्षांनी तोच काळा ठिपका, बिंदू, त्यांच्या चित्रांचा मध्य झाला. रझांचं बिंदूचं चित्र कुठं पाहायला मिळालं तर त्याच्यासमोर आधी मनातल्या मनात त्या भिंतीसमोर बसलेल्या पोराला आणून बसवा.

काही चित्रात तं नुसते रंगच फासले राहतात. त्यात काय पाहायचं?

रंगच पाहायचे. सारवलेल्या भिंतीत तुम्ही काय पाहता? तिच्यात झाड नसतं, माणूस नसतं. तरी कुणाच्या हाताचं सारवण सुबक आणि कुणाचं ओबडधोबड ते बाया एका नजरेत सांगतात. हाताचे अर्धगोल फटके एकात एक कसे बसले, शेणमातीचं प्रमाण नेमकं होतं का, वाळल्यावर रंग सारखा उतरला का. अमूर्त चित्राकडे याच नजरेनं जावं.

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, १९२४ चा. भारतातल्या या प्रकारच्या चित्रकारांत त्यांचं नाव सगळ्यात वर घेतलं जातं. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. कुंचल्याऐवजी रोलर आणि पातं वापरून रंगाचा थर चढवायचा, काढायचा, पुन्हा चढवायचा. त्यामुळे त्यांच्या कॅनव्हासमध्ये उजेड आतून झिरपल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात तळ्याच्या गढूळ पाण्यावर आभाळ उतरतं तेव्हा जे दिसतं, त्याच्या जवळ जाणारं ते आहे. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. नागपुरात जन्मलेल्या माणसाचं नाव आपल्या शाळांतून मुलांना कळत नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून मी ते प्रत्येक फेरीत घेतो.

आणि एखादं चित्र पाच मिनिटं पाहूनही काहीच बोललं नाही, तर पुढं चला. त्यात तुमची चूक नाही, चित्राचीही नाही.

असे प्रदर्शनं भरतात कुठं? तिकीट किती?

आपल्याला सगळ्यात सोयीचं नागपूर. सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. तिथल्या कलादालनात चित्रकारांची प्रदर्शनं भरतात, आणि हिवाळ्यात आवारात मोठा हस्तकला मेळा लागतो, त्यात वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर स्वतः माल घेऊन बसतात. शासकीय चित्रकला महाविद्यालयातल्या मुलांचं वार्षिक प्रदर्शन तर माझ्या विशेष आवडीचं, कारण तिथं मुलं स्वतः उभी राहून भरभरून बोलतात. कलादालनांना बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, संग्रहालयांना थोडं असतं.

मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ सालचा. लोक वाघ आणि मगर पाहून बाहेर पडतात. तुम्ही दगडी मूर्तींच्या दालनात थांबा, आणि आदिवासी जीवनाच्या दालनात त्यांची वाद्यं, दागिने, लाकडी वस्तू सावकाश पाहा. सोमवारी सरकारी संग्रहालयं सहसा बंद असतात, त्यामुळे सोमवारी फेरी ठेवू नका.

नागपूरच्या महाल भागातली चितार ओळ, म्हणजे मूर्तिकारांची गल्ली, चुकवू नका. गणपती-दुर्गेच्या आधी महिनाभर तिथं गेलात तर मूर्ती घडताना दिसते: गवताचा सांगाडा, त्यावर माती, मग पांढरा हात, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे आखायचं काम जाणता कारागीरच हाती घेतो. तेवढं एक पाहण्यासाठी मी दोन तास उभा राहिलो आहे.

वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. गांधीजींच्या हस्ते १९३८ च्या डिसेंबरात उघडलेलं. चरख्यांचे प्रकार, खादी, ग्रामोद्योगाची अवजारं. वापरायची वस्तू देखणी कशी असते ते बघायला इथं या.

आत कसं वागायचं? आपल्याले पाहून कोणी काही म्हणन का?

कोणी काही म्हणत नाही. हा संकोच मी पहिल्या फेरीत सगळ्यांच्या चेहऱ्यावर पाहिला होता. चकचकीत फरशी पाहून दोघांनी चपला बाहेर काढल्या. चपला घालूनच जायचं असतं. पिशव्या दारापाशी ठेवायला सांगतात, त्या ठेवा. चित्राला, मूर्तीला हात लावू नका. बोटाच्या घामातलं तेल आणि मीठ रंगावर, दगडावर बसतं आणि हजारो हातांनी ते खराब होतं. नोंदवही ठेवलेली असते, तिच्यात मराठीत, आपल्या शब्दांत, खरं काय वाटलं ते लिहा. चित्रकार हजर असेल तर बिनधास्त बोला. चित्राखाली लाल टिकली चिकटवलेली दिसली तर ते विकलं गेलं असं समजायचं.

मोबाइलवर सगळं दिसते. मंग पैसे घालून काहून जायचं?

आकार मोबाइलवर दिसत नाही. पुरुषभर उंचीचं चित्र आणि पोस्टकार्डाएवढं चित्र पडद्यावर सारखंच होतं. रंगाचा थर दिसत नाही, तेलरंगाची चमक पाहणाऱ्यासोबत हलते ती दिसत नाही. संत्रा बागेत उभं राहून खाल्लेला आणि फोटोतला, इतका फरक आहे. फोटो काढायचे तर जिथं परवानगी आहे तिथं काढा, फ्लॅश बंद ठेवून. पण आमच्यात नेम आहे, आधी पाहायचं, फोटो निघताना.

आपल्या आसपास पाहण्यासारखं काही हाये का, का सगळं नागपूर-मुंबईलेच?

इथं मला जरा लांब उत्तर द्यावं लागेल, कारण हा प्रश्न ऐकला की माझा जीव तुटतो.

घरापासून सुरू करू. सेवाग्रामला बापूकुटी सगळ्यांनी पाहिली आहे, शाळेच्या सहलीत. पण भिंतीकडे किती जणांनी पाहिलं? गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले तेव्हा अट होती की घर गावातल्याच सामानाचं, गावातल्याच हातांनी, आणि पाचशे रुपयांच्या आत. माती, बांबू, कवेलू. त्या मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीचेच उठाव काढले आहेत: ताडाची झाडं, मोर, चरखा, ॐ. रंग नाही. उजेड बाजूनं पडला की त्या उठावाची बारीक सावली पडते आणि चित्र उमटतं. उजेड सरकला की भिंतीत विरतं. पुढच्या वेळी गेलात तर मार्गदर्शकाचं बोलणं संपल्यावर दहा मिनिटं तिथंच थांबा.

तिथून जवळच पवनार. धाम नदीच्या काठी विनोबा १९३८ साली आले, आणि आश्रमाच्या जागेत खोदताना जुन्या मूर्ती निघाल्या. त्यातली भरत-रामाच्या भेटीची शिळा विनोबांनी तिथंच स्थापली. या मूर्ती विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक राजघराण्याच्या काळाशी जोडल्या जातात, म्हणजे साधारण दीड हजार वर्षं मागं. अंगावर दागिने कमी, चेहरे शांत. देवळातल्या नंतरच्या नटलेल्या मूर्तींशी मनात तुलना करा, काळ कसा बदलला ते डोळ्यांनाच कळेल. त्याच काळातलं आणखी पाहायचं तर रामटेकला गडावर नृसिंहाची दोन जुनी देवळं आणि वराहाची मूर्ती आहे. शेजारच्या मनसरला उत्खननातल्या विटांचं बांधकाम पाहता येतं. मनसरची शिवमूर्ती मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दिल्लीला कुणी जात असेल तर मी त्याला आवर्जून सांगतो, आपल्याकडचा एक जण तिथं बसला आहे, भेटून ये.

आता पूर्वेकडे. गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा, जुन्या कोरीव देवळांचं ठिकाण. दक्षिणेकडे जाणारी नदी इथं वळण घेऊन उत्तरेला वाहते, म्हणून जागेला पावित्र्य. वीज पडून मोठ्या देवळाच्या शिखराचं नुकसान झालं होतं, गोंड राजवटीत ते दुरुस्त केलं गेलं. पुरातत्त्व खात्याचे कनिंगहॅम १८७० च्या दशकात इथं येऊन गेले आणि त्यांनी अहवालात या देवळांचं कौतुक केलं. महाशिवरात्रीच्या यात्रेत गर्दीमुळे काही दिसत नाही. दर्शन यात्रेत घ्या, पाहायला मात्र दुसऱ्या दिवशी या. सकाळी आठ-नऊचं तिरपं ऊन भिंतीवर आलं की एकेका मूर्तीच्या ओठाची, बोटाची कड उठून दिसते. दुपारी बारा वाजता तीच भिंत सपाट होते. जी जागा पाहायची ती सकाळी किंवा सांजेला, एवढं एक लक्षात ठेवलं तरी तुमच्या निम्म्या सहली सुधारतील.

चंद्रपुरात परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे, हत्तीवर झेपावणारा सिंह. जटपुरा दरवाजातून रोज हजारो माणसं जातात. मान वर करून पाहा.

पश्चिमेला गेलात की दगडच बदलतो. मार्कंडा, चंद्रपूरकडे वालुकाश्म, तांबूस-पिवळसर, नरम, त्यात लाकडासारखं बारीक काम होतं. बुलडाण्या-अकोल्याकडे लाव्हा थंड होऊन झालेला काळा कठीण दगड. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात काळ्या दगडावरची नक्षी पाहा आणि मार्कंड्याशी ताडून पाहा: छिन्नीला कुठं किती जोर लावावा लागला असेल याचा अंदाज येतो. लोणारचं सरोवर त्याच काळ्या खडकात उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं. त्याच वाटेवर मेहकरचा बालाजी, १८८८ साली जमिनीतून निघालेली काळ्या पाषाणाची उंच मूर्ती, आणि सिंदखेडराजाची पुतळा बारव. जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून लोक वाडा पाहून परततात. बारवेच्या भिंतीवरच्या पुतळ्यांपर्यंत उतरून या, मात्र पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात.

हेमाडपंती म्हणजे नेमकं काय? आमच्या गावचं देऊळ बी हेमाडपंती म्हणतात.

दगड चुन्याशिवाय, एकमेकांत खाचा बसवून रचलेले असले की आपण हेमाडपंती म्हणतो. नाव हेमाद्री पंडितावरून पडलं, तो देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. पण अशी बांधणी त्याच्या आधीपासूनची आहे, आणि त्या नावानं ओळखली जाणारी बरीच देवळं हेमाद्रीपेक्षा जुनी आहेत. तुमच्या गावच्या देवळात जाऊन सांध्यात नखाचं टोक शिरतं का ते पाहा. आणि गाव जमलं तर एक विनंती: त्यावर ऑइल पेंट लावू नका. मी अशी देवळं पाहिली आहेत जिथं भक्तीनं लावलेल्या पिवळ्या-निळ्या रंगाखाली मूर्तीच्या पापण्या बुजून गेल्या. तो रंग काढताना दगडाचे कपचे निघतात. भक्ती खरी आहे, म्हणूनच सांगतो. साध्या पाण्यानं, मऊ फडक्यानं पुसलं तरी पुरे.

वारली चित्र आपलंच ना? शाळेच्या भिंतीवर काढलं हाये.

वारली पालघरकडची, डहाणू-तलासरीच्या वारल्यांची, तांदळाच्या पिठानं गेरूच्या भिंतीवर काढायची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगापुढं नेली. सुंदर आहे, शिकवायला सोपी, म्हणून राज्यभर शाळांवर पोचली. ठिपक्या-रेघोट्यांची रंगीत गोंड चित्रं तुम्ही मेळ्यात पाहता, ती मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या परधान गोंडांची. जनगढ सिंह श्याम यांच्यापासून ती कागदावर, कॅनव्हासवर आली. भोपाळला गेलात तर भारत भवन आणि आदिवासी संग्रहालय पाहा, नागपूरहून रात्रीची गाडी पुरते.

मग आपलं काय? मेळघाटातल्या कोरकूंचे सूर्य-चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले लाकडी स्मृतिफलक. गडचिरोलीचं बांबूकाम आणि ओतीव धातूकाम. पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. भंडाऱ्याची पितळी भांडी. भद्रावतीची मातीची भांडी. आणि पूर्व विदर्भाचा कोसा, म्हणजे टसर रेशीम. शाळेच्या भिंतीवर यातलं काही काढलं तर पोरं घरी जाऊन आजीला विचारतील, हे माझ्या अनुभवातून सांगतो.

एसटीत तीन तास बसून काय करायचं? झोपच लागते.

खिडकी धरा. आपल्याकडचा रस्ता महिन्यागणिक रंग बदलतो. ऑगस्टमध्ये भंडाऱ्याकडे गेलात तर रोवणीनंतरच्या बांध्यांत आभाळ उतरलेलं असतं, त्यात धानाच्या हिरव्या टाचण्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन पिवळं पडतं. नोव्हेंबरला तुरीवर पिवळा फुलोरा आणि पलीकडं पांढरी पऱ्हाटी. कपाशीचं फूल जवळून पाहिलंत का कधी, पाहणाऱ्यांच्या नजरेनं? उमलतं तेव्हा फिकट पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी. एकाच झाडावर दोन रंगांची फुलं दिसतात ती म्हणून. डिसेंबर-जानेवारीत कुठं जवसाचा पट्टा दिसला तर गाडीतून उतरावंसं वाटेल, एवढा निळा रंग आपल्या मातीवर दुसऱ्या कशाचा येत नाही. जवस आता कमी पेरतात, त्यामुळे दिसला की मी सगळ्यांना हाका मारतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पान नसलेल्या फांद्यांवर पळस आणि काटेसावर. मेच्या रखरखाटात बहावा.

घरांची छपरंही पाहत चला. हातानं थापलेले गोल कवेलू, मग सपाट इंग्रजी कवेलू, मग टिन, मग स्लॅब: एका गावातून गाडी जाते तेवढ्यात तीन पिढ्या दिसतात. जुन्या कवेलूंवर भट्टीच्या आंचेप्रमाणे लाल, नारिंगी, काळसर अशा छटा असतात, एकही दुसऱ्यासारखा नसतो. नव्या घरांच्या रंगांना लोक भडक म्हणून नावं ठेवतात. मला तसं वाटत नाही. काळ्या वावराच्या कडेला पोपटी किंवा जांभळी भिंत उन्हात कशी उभी राहते ते पाहा. ज्यानं तो रंग निवडला त्यानं बराच विचार करून निवडला आहे.

पोरांले नेलं तं ते धिंगाणा करतात.

पोरांना एक काम द्या. "या दालनात किती पक्षी आहेत मोज", "सगळ्यात छोटं चित्र शोधून आण". मोठ्या पोरांना वही-पेन्सिल द्या आणि एकच वस्तू रेखाटायला सांगा. रबर देऊ नका, खोडत बसतात. जी मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी देतात हे मला ठाऊक आहे, मीच शेकडो बसवली. त्यात काही वावगं नाही. पण वर्षभर शाळेत घोटलेला घडा आणि पवनारच्या नदीकाठी बसून काढलेला घडा यांत फार अंतर पडतं. आणि अर्ध्या तासात पोर कंटाळलं तर बाहेर काढा, भजी खाऊ घाला.

खर्च किती येते?

महिलांना एसटीत २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. त्यामुळे आमच्या फेरीत बाया आणि म्हाताऱ्या जास्त असतात, याचा मला आनंद आहे. दोन-चार जिल्हे सलग पाहायचे तर एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास काढा, चार किंवा सात दिवसांचा. जेवण घरचं. बाकी खर्च चहाचा.

मेळ्यातून काही इकत घ्यावं का? भाव लई राहतात.

घ्यायलाच हवं असं नाही, आणि नुसतं पाहणाऱ्याला कारागीर हाकलत नाही. पण घेणार असाल तर वस्तू कशी होते ते आधी विचारा, मग भाव विचारा. विणकर एक लुगडं किती दिवस विणतो ते ऐकल्यावर घासाघीस करायला जीभ उचलत नाही. छोटं घ्या, पण बनवणाऱ्याच्या हातून घ्या.

उन्हाळ्यात जमते का?

एप्रिल-मे मध्ये फक्त आतली दालनं, तीही सकाळी. आपल्याकडे पारा ४५ पर्यंत चढतो, उघड्यावरची देवळं तेव्हा नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

माह्या मायले डोळ्यानं कमी दिसते. तिले नेऊन काय उपयोग?

न्या. माझ्या आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशन व्हायचं होतं, आणि मी तिला घरी ठेवूनच निघणार होतो. ती म्हणाली, गर्दीचा आवाज तं ऐकीन. नागपूरच्या हस्तकला मेळ्यात तिला एका विणकराच्या दुकानासमोर खुर्चीवर बसवून मी चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा तिच्या मांडीवर कोशाचं एक लुगडं होतं आणि ती काठावरून बोट फिरवत होती. करवती काठ म्हणजे करवतीच्या दातांसारखी नक्षी. अंग कोशाचं, काठ सुती, आणि दोन्ही एकमेकांत गुंतवायला तीन धोटे चालवावे लागतात. दोन धाग्यांचा पोत वेगळा असतो, त्यामुळे दात बोटाला लागतात. ती म्हणाली, "हा करवती हाये. मोहाडीकडला. माह्या लग्नात असाच होता, पण दात याच्याहून बारके होते."

विणकर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीचाच होता. त्यानं पेटीतून जुना, घडीवर विरलेला एक तुकडा काढला, त्याच्या आजीच्या हातचा, आणि आईच्या हातात दिला. तिनं बोट फिरवलं आणि मान हलवली. हेच ते.